दुसऱ्या बुंडेसलिगातले १७७ गोल: सिमोन टेरोडे प्रकरण

एफसी कोलोन या जर्मन फुटबॉल क्लबचे लागोपाठचे दोन हंगाम आधी शेजारी शेजारी ठेवू, कारण या प्रकरणातला सगळा गुंता त्यात आहे.

२०१८-१९. कोलोन दुसऱ्या बुंडेसलिगात, म्हणजे जर्मन लीगच्या दुसऱ्या विभागात. ३४ सामन्यांत संघाचे ८४ गोल. त्यातले २९ जर्मन स्ट्रायकर सिमोन टेरोडेचे आणि २० कोलंबियाच्या जॉन कोर्दोबाचे. संघ पहिला आला आणि वर गेला.

२०१९-२०. तोच क्लब, आता पहिल्या बुंडेसलिगात. संघाचे ५१ गोल. कोर्दोबाचे १३. टेरोडेचे अगदी मोजके. उन्हाळ्यात क्लबने त्याला जाऊ दिलं. तो पुन्हा दुसऱ्या विभागात उतरला, या वेळी हांबुर्गसाठी, आणि पहिल्याच हंगामात २४ गोल करून मोकळा झाला.

एक माणूस एका विभागात तीस गोलांच्या आसपास जातो, एक पायरी वर चढला की जवळजवळ दिसेनासा होतो आणि खाली आला की पुन्हा पूर्वीसारखा खेळतो. हे एकदा घडलं तर दुखापत म्हणता येईल, प्रशिक्षकाशी पटलं नाही म्हणता येईल. टेरोडेच्या बाबतीत ते तीन क्लबांत, तीन वेगवेगळ्या प्रशिक्षकांच्या काळात घडलं: श्टुटगार्ट, कोलोन, शाल्के. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहण्यासारखं आहे. ‘दुसऱ्या विभागासाठी फार चांगला, पहिल्यासाठी कमी’ हे जर्मनीत अशा खेळाडूंबद्दल सर्रास बोललं जातं. त्यात तथ्य आहे, पण स्पष्टीकरण नाही.

तिथपर्यंतचा रस्ता

टेरोडेचा जन्म २ मार्च १९८८ चा, नेदरलंड्सच्या सीमेला लागून असलेल्या बोखोल्ट गावातला. घडला तो डुइसबुर्गच्या युवा संघात. थोडे दिवस ड्युसेलडॉर्फला उसनवारीवर जाऊन आला, मग कोलोनच्या राखीव संघात दाखल झाला. कोलोनच्या मुख्य संघाकडून पहिल्या बुंडेसलिगात काही मिनिटं मिळाली, गोल मिळाला नाही. २०११ मध्ये तो युनियन बर्लिनला गेला. तिथे तीन हंगामांत दुसऱ्या विभागातले २३ गोल. वाईट नाहीत, पण ज्याच्यावरून क्लबांमध्ये चढाओढ व्हावी असेही नाहीत. २०१४ मध्ये तो बोखुमला गेला तेव्हा २६ वर्षांचा होता. बहुतेक स्ट्रायकरांबद्दल या वयापर्यंत क्लबांचं मत पक्कं झालेलं असतं आणि टेरोडेबद्दलही ते झालेलंच होतं: उंचापुरा, मेहनती, उपयुक्त.

बोखुमने ते मत मोडून काढलं. पहिल्या हंगामात १६, दुसऱ्या हंगामात २५ गोल. २०१५-१६ चा तो विभागातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. बोखुमकडे तेव्हा ना मोठा पैसा होता, ना बढतीचा धाक. गेर्टयान फरबेक या डच प्रशिक्षकाचा तो संघ पुढे धावून खेळायचा आणि शेवटी पाचवा आला. हे लक्षात ठेवावं लागेल, कारण पुढे जाऊन अनेकांनी टेरोडेच्या गोलांचं सगळं श्रेय श्रीमंत क्लबांना दिलं. त्याने गोलांची पंचविशी पहिल्यांदा गाठली ती मधल्या फळीतल्या संघात.

मग मात्र श्रीमंत क्लबांची रांग लागली. २०१६ मध्ये श्टुटगार्ट खाली घसरलं. १९७५ नंतर पहिल्यांदाच. मर्सिडीजच्या शहरातल्या, भरगच्च स्टेडियमच्या क्लबला दुसऱ्या विभागात एका वर्षाहून जास्त राहणं परवडत नव्हतं. त्यांनी टेरोडेला घेतलं. मोबदला सुमारे ३० लाख युरो असल्याचं तेव्हा छापून आलं होतं, म्हणजे या व्यवसायाच्या हिशेबात किरकोळ. हंगाम सुरू होऊन चार सामने होतात न होतात तोच प्रशिक्षक योस लुहुकाय यांनी राजीनामा दिला, त्यांच्या जागी तरुण हानेस वोल्फ आले, संघाची खेळण्याची पद्धत बदलली. टेरोडेच्या कामात काही फरक पडला नाही. पुन्हा २५ गोल, पुन्हा सर्वाधिक, आणि श्टुटगार्ट पहिल्या क्रमांकावर वर.

तो करायचा काय?

आकड्यांत पुढे जाण्याआधी हे सांगायला हवं. १.९२ मीटर उंची. वेग साधारण. चेंडू पायात घेऊन दोघांना चकवेल असा खेळाडू तो कधीच नव्हता. त्याचं सगळं कौशल्य पेनल्टी बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीच्या आत, आणि तेही चेंडू येण्याआधीच्या दोन सेकंदांत होतं.

बचावपटूची नजर चेंडूवर गेली की टेरोडे त्याच्या पाठीमागून अर्धा मीटर सरकायचा. बगलेवरून क्रॉस, म्हणजे गोलसमोर टाकलेला चेंडू, निघायच्या क्षणी एक पाऊल मागे, मग दोन पावलं जोरात पुढे. चेंडू थांबवायचा, सावरायचा, बघायचा आणि मारायचा असा क्रम त्याच्याकडे नव्हताच. बहुतेक वेळा पहिलाच स्पर्श म्हणजे फटका किंवा हेडर. त्याचे गोल सलग लावून पाहिले तर कंटाळा येईल इतके ते एकसारखे आहेत: सहा-आठ मीटरांवरून, एका स्पर्शात, गोलरक्षक अजून दुसऱ्या बाजूला सरकतोय. माझ्या मते हा कंटाळवाणेपणाच त्याच्या दर्जाचा पुरावा आहे. एकसारखे गोल वर्षानुवर्षं होतात याचा अर्थ बचाव करणाऱ्यांना ते माहीत असूनही अडवता येत नव्हते.

पण अशा स्ट्रायकरची एक अट असते. चेंडू बॉक्सच्या आसपास यायला हवा, वारंवार यायला हवा आणि बगलेवरून यायला हवा. म्हणजे आपला संघ समोरच्याच्या अर्ध्या मैदानात ठाण मांडून बसलेला हवा. दुसऱ्या विभागातला श्टुटगार्ट, कोलोन किंवा शाल्के नेमके तसेच खेळतात. समोरचे दहा जण मागे, आपले दोन्ही बाजूचे बचावपटूसुद्धा वर चढलेले, क्रॉसवर क्रॉस.

आणि बढती मिळाली की हे सगळं उलटं होतं. तोच क्लब आता बायर्न, डॉर्टमुंड, लाइपझिगसमोर स्वतःच्या बॉक्सपाशी उभा असतो. चेंडू मिळाला की तो लांब मारायचा, आणि स्ट्रायकरने अर्धा मैदान धावत जाऊन त्याच्यामागे पोचायचं. किंवा दोन बचावपटूंना पाठीवर घेऊन चेंडू धरून ठेवायचा, मागचे वर येईपर्यंत. किंवा चेंडू नसताना समोरच्या बचावफळीवर सतत धावून जायचं. या तिन्ही कामांत टेरोडे सामान्य होता.

हिशेब

इथपर्यंतचं स्पष्टीकरण बहुतेक जर्मन चाहता देईल. पण त्याला आकड्यांशी भिडवून पाहिलं तर ते अर्धंच उतरतं.

श्टुटगार्ट: दुसऱ्या विभागात ६३ गोल, वर गेल्यावर ३६.
कोलोन: ८४, मग ५१.
शाल्के: २०२१-२२ मध्ये ७२, पुढच्या वर्षी वर ३५.

तिन्ही वेळा संघाचे गोल साधारण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी घटले. म्हणजे टेरोडे अगदी पूर्वीइतकाच चांगला राहिला असता, तरी त्याचे पंचवीस-तीस गोल पंधराच्या आसपास आले असते. ही घट त्याची नव्हे, संघाची. ‘२९ वरून एवढे खाली?’ असं विचारणारे बहुतेक जण हा भाग विसरतात.

पण तो पंधरापर्यंतही आला नाही. पहिल्या बुंडेसलिगात एकाही हंगामात त्याला दोन आकडी गोल करता आले नाहीत. सगळे हंगाम मिळून वीसही झाले नाहीत. आणि इथे कोर्दोबा मध्ये येतो. कोर्दोबाचे दुसऱ्या विभागातले २० गोल म्हणजे कोलोनच्या ८४ पैकी जेमतेम चौथाई. वर गेल्यावर त्याचे १३, म्हणजे ५१ पैकी पुन्हा चौथाई. संघ आकसला तसा तोही त्याच प्रमाणात आकसला, वाटा तसाच राहिला. टेरोडेचा वाटा मात्र एक तृतीयांशाहून थेट नगण्य झाला.

शाल्केत पुन्हा तेच. बढतीच्या हंगामात टेरोडेचे ३० आणि त्याच्या जोडीला खेळणाऱ्या मारियुस बुल्टरचे १०. पुढच्या वर्षी, घसरणीच्या हंगामात, बुल्टरचे ११. निम्म्यावर आलेल्या संघात त्याचा एक गोल वाढला! कोर्दोबा आणि बुल्टर ही अगदी वेगवेगळी माणसं, पण दोघांत एक समान गोष्ट आहे. दोघांनाही मोकळ्या जागेत धावता येतं, दोघांनाही अर्ध्या मैदानावरून गोलकडे जाता येतं. ज्याचं कौशल्य पाय आणि फुप्फुसात असतं, तो ते वरच्या विभागात सोबत घेऊन जातो. ज्याचं कौशल्य बॉक्समधल्या जागेत असतं, त्याला ती जागा सोबत नेता येत नाही.

माझा निष्कर्ष त्यामुळे असा: टेरोडेच्या पडझडीचा मोठा हिस्सा संघाचा, पण उरलेला हिस्सा त्याचाच, आणि तो वय किंवा मानसिकतेचा नसून खेळाच्या घडणीचा. ‘दबाव पेलला नाही’ ही जी दुसरी आवडती उपपत्ती आहे, ती मला अजिबात पटत नाही. दुसऱ्या विभागात हांबुर्ग किंवा शाल्केचा नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकरची जर्सी, घालून उतरण्याइतका दबाव पहिल्या विभागातल्या निम्म्या क्लबांत नसतो.

माझ्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारा एक तुकडाही आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. जानेवारी २०१८. श्टुटगार्टने घरचाच जुना हिरो मारियो गोमेझ परत आणला होता, टेरोडेचे अर्ध्या हंगामात दोनच गोल होते, आणि त्याला कोलोनला जाऊ देण्यात आलं. कोलोनची अवस्था दयनीय होती: १७ सामन्यांत ६ गुण, शेवटचा क्रमांक, अंथोनी मोडेस्टला चीनला विकल्यापासून गोल करणारा कुणी नाही. टेरोडेने पहिल्याच सामन्यात, बोरुसिया म्योन्शनग्लाडबाखविरुद्धच्या ऱ्हाईन नदीकाठच्या जुन्या हाडवैराच्या लढतीत, भरपाईच्या वेळेत विजयी गोल केला. आठवड्याभरात हांबुर्गच्या मैदानावर दोन. बुडत्या संघात, पहिल्या विभागात, अर्ध्या हंगामात ५ गोल.

कोलोन तरी बुडालंच. पण त्या वसंतात कोलोनपुढे बचावाला जागाच नव्हती. बरोबरी म्हणजे मरण, म्हणून संघ पुढे चढत होता, क्रॉस टाकत होता, म्हणजे नाइलाजाने का होईना दुसऱ्या विभागातल्यासारखा खेळत होता. हे पाच गोल माझ्या मते अपवाद नाहीत. संघ बॉक्सपाशी पोचला तर टेरोडे वरच्या विभागातही गोल करायचा. फक्त खालून वर आलेला कुठलाच शहाणा प्रशिक्षक ३४ सामने तसा खेळत नाही.

गोमेझबद्दल जाता जाता: त्याने श्टुटगार्टसाठी उरलेल्या अर्ध्या हंगामात ८ गोल केले आणि नव्यानेच वर आलेला संघ सातवा आला. त्या अदलाबदलीत श्टुटगार्टचा निर्णय बरोबर ठरला, हे मान्य करायलाच हवं. कोलोनचाही बरोबर होता, फक्त त्याचं फळ त्यांना खालच्या विभागात जाऊन मिळालं.

सगळे स्ट्रायकर असे अडकतात का?

नाही. दुसरी बुंडेसलिगा १९७४ मध्ये सुरू झाली, तेव्हा उत्तर आणि दक्षिण असे दोन गट होते. १९७७-७८ मध्ये उत्तर गटात रोट-वाइस एसेनच्या होर्स्ट ह्रुबेशने एका हंगामात ४२ गोल केले. तो आकडा आजही कुणाला गाठता आलेला नाही. ह्रुबेश तिथून हांबुर्गला गेला, १९८० च्या युरो अंतिम सामन्यात दोन गोल करून पश्चिम जर्मनीला जिंकवलं आणि १९८३ मध्ये युरोपियन कप उचलला. १९८१ मध्ये दोन्ही गट एक झाले. त्या पहिल्याच एकत्रित हंगामात १८६० म्युनिकच्या रुडी फ्योलरने ३७ गोल केले, आणि पुढच्याच वर्षी ब्रेमनकडून पहिल्या बुंडेसलिगातही सर्वाधिक गोल त्याचेच.

अलीकडचं उदाहरण निक्लास फ्युलक्रुग. २०२१-२२ मध्ये, म्हणजे टेरोडेच्या तीस गोलांच्या हंगामातच, ब्रेमनसाठी दुसऱ्या विभागात १९. पुढच्या वर्षी पहिल्या विभागात १६, क्रिस्तोफर एनकुन्कूसोबत संयुक्त पहिला. मग जर्मनीचा संघ, डॉर्टमुंड, चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत. फ्युलक्रुगही चपळ नाही. पण तो पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू धरतो, मैदानाच्या मध्यापर्यंत खाली येऊन खेळ जोडतो.

उलट बाजूचं उदाहरण टेरोडेने दुसऱ्या विभागातल्या सर्वाधिक गोलांचा ज्याचा विक्रम मोडला त्या डीटर शाट्सश्नायडरचं. हानोफर आणि फोर्टुना कोलोनसाठी दुसऱ्या विभागात २०१ सामन्यांत १५३ गोल. गोलांची ही सरासरी सगळ्या कारकिर्दीच्या हिशेबात टेरोडेलाही जमली नाही, हे विक्रमाच्या बातम्यांत बहुतेकांनी सांगितलं नाही. १९८३ मध्ये युरोपविजेत्या हांबुर्गने त्याला ह्रुबेशच्या जागी आणलं. एका वर्षात तो शाल्केला गेला, आणि पहिल्या विभागात त्याचं बस्तान कधीच नीट बसलं नाही. हांबुर्ग, मग शाल्के. चाळीसेक वर्षांनी टेरोडे त्याच क्रमाने त्याच दोन क्लबांत गेला, एवढाच योगायोग.

शहाणपणाचा निर्णय

२०२० चा उन्हाळा. टेरोडे ३२ वर्षांचा. बहुतेक स्ट्रायकर या टप्प्यावर पहिल्या विभागातल्या तळाच्या एखाद्या क्लबच्या बाकावर अजून दोन वर्षं काढतात, किंवा आखातात, तुर्कस्तानात जातात. टेरोडेने दुसरा विभाग निवडला, आणि माझ्या वाचनानुसार तिथून पुढे तो या विभागाचा विशेषज्ञ म्हणून जगला. त्याचं मूल्य त्याला आणि विकत घेणाऱ्याला, दोघांनाही नेमकं ठाऊक होतं.

हांबुर्गने त्याला एका वर्षासाठी घेतलं. २०१८ मध्ये इतिहासात पहिल्यांदा खाली आलेला हा क्लब सलग दोनदा चौथा येऊन बढती हुकवून बसला होता. टेरोडेने २४ गोल केले. क्लब तिसऱ्यांदा चौथा आला! हंगामाच्या शेवटी प्रशिक्षक डानिएल थिउने यांना काढून उरलेल्या तीन सामन्यांसाठी ज्यांना बोलावलं ते होते ह्रुबेश, ४२ गोलवाले. दुसऱ्या विभागाच्या इतिहासातले दोन मोठे गोलवीर एकाच ड्रेसिंग रूममध्ये, आणि ओस्नाब्रुकसारख्या तळाच्या संघाकडून ३-२ हार. स्ट्रायकर किती गोल करतो याने बढती ठरत नाही, याचं याहून टोकाचं उदाहरण मला आठवत नाही.

हांबुर्गशी करार वाढला नाही. त्यांनी रोबर्ट ग्लात्सेल आणला, जो वयाने सहा वर्षं लहान आणि जास्त धावणारा. टेरोडे मोबदल्याशिवाय शाल्केला गेला.

शाल्केबद्दल दोन शब्द हवेत. गेल्सनकिर्शनचा हा क्लब म्हणजे कोळसा खाणींच्या रूर पट्ट्याचा जीव. जानेवारी २०२० ते जानेवारी २०२१ या काळात त्यांनी सलग ३० लीग सामने विजयाशिवाय काढले, २०२०-२१ च्या हंगामात घसरण पक्की झाली त्या रात्री संतापलेल्या चाहत्यांनी स्टेडियमबाहेर खेळाडूंवरच हल्ला केला, आणि क्लबवर वीस कोटी युरोंहून अधिक कर्ज होतं. एका वर्षात परत वर जाणं म्हणजे इथे हौस नव्हती, दिवाळखोरी टाळण्याचा मार्ग होता. खिशात पैसा नाही, गोल तर हवेत, वाट पाहायला वेळ नाही. टेरोडे अगदी याच गरजेसाठी बनलेला होता. जोडीला कोलोनमधला जुना साथीदार डोमिनिक ड्रेक्सलर आला, डाव्या बगलेवर क्रॉस टाकण्यात पटाईत असा डच तोमास औवेयान आला. संघ जणू त्याच्या बॉक्समधल्या जागेभोवती विणला गेला.

पहिलाच सामना हांबुर्गशी. सुरुवातीलाच टेरोडेने गोल केला. हांबुर्गने ३-१ ने सामना जिंकला आणि त्यात ग्लात्सेलचाही गोल होता. दोन्ही क्लबांना आपला सौदा बरोबर वाटावा अशी संध्याकाळ. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इंगोलश्टाटविरुद्ध टेरोडेने शाट्सश्नायडरचा १५३ गोलांचा विक्रम मागे टाकला.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर शाल्केने जर्सीवरून गाझप्रोम या रशियन गॅस कंपनीचं नाव उतरवलं, म्हणजे सगळ्यात मोठा प्रायोजक गेला. मार्चमध्ये प्रशिक्षक दिमित्रिओस ग्रामोझिस यांना काढलं आणि क्लबचाच जुना खेळाडू माइक ब्युस्केन्स तात्पुरता पुढे आला. ब्युस्केन्सने फार काही बदललं नाही. संघाला पुढे ढकललं, क्रॉस वाढवले.

७ मे २०२२, सेंट पाउलीविरुद्धचा घरचा सामना. मध्यंतराला शाल्के ०-२ मागे. दुसरा अर्धा सुरू होताच टेरोडेचा गोल, ७१ व्या मिनिटाला टेरोडेचाच दुसरा, ७८ व्या मिनिटाला रोद्रिगो सालासारचा तिसरा. बढती पक्की. प्रेक्षक मैदानात उतरले. पुढच्या आठवड्यात न्युर्नबर्गमध्ये २-१ ने जिंकून पहिला क्रमांकही. ३० सामन्यांत ३० गोल, संघाच्या ७२ पैकी. चौथ्यांदा विभागातला सर्वाधिक गोल करणारा, आणि तिसऱ्या वेगळ्या क्लबला वर नेणारा.

मग क्लबने काय करायला हवं होतं?

इथे निर्णयाचा खरा प्रश्न येतो. शाल्केच्या व्यवस्थापनासमोर श्टुटगार्ट आणि कोलोनचे दाखले उघडे होते. टेरोडे वर गेल्यावर काय होतं, हे सगळ्या जर्मनीला ठाऊक होतं. तरी त्यांनी त्याच्यावर भिस्त ठेवली. जोडीला सेबास्टियान पोल्टर आणला, तोही बॉक्समध्ये खेळणारा उंच स्ट्रायकर. म्हणजे ज्या घडणीचा खेळाडू वर चालत नाही, त्याच घडणीचा दुसरा आणला.

हे चुकलं असं आता म्हणणं सोपं आहे. पण तिजोरी रिकामी होती, आणि ज्याने तीस गोल करून क्लब वाचवला त्याला बाजूला ठेवायचं तर साठ हजारांच्या स्टेडियमला तोंड द्यायची तयारी हवी. मला वाटतं चूक टेरोडेला ठेवण्यात नव्हती, त्याच्याशेजारी वेगाचा माणूस विकत न घेण्यात होती. बुल्टर तसा एकच होता, आणि त्याने आपलं काम केलं.

ऑगस्ट २०२२, वोल्फ्सबुर्ग. शाल्केला पेनल्टी. टेरोडेचा फटका कोएन कास्टेल्सने अडवला. गोलरक्षक आधीच रेषेबाहेर आला होता म्हणून पुन्हा मारायची संधी मिळाली. कास्टेल्सने तीही अडवली. सामना ०-० संपला. एका पेनल्टीवरून हंगाम जोखू नये, पण त्या वर्षी शाल्के अशाच दोन-दोन गुणांनी मागे पडत गेलं. प्रशिक्षक फ्रांक क्रामर गेले, थोमास राइस आले, हिवाळ्यात मिशेल फ्राय नावाचा धावणारा स्विस स्ट्रायकर आणला, सलग चार सामने ०-० झाले. टेरोडे आत-बाहेर होत राहिला. शेवटच्या दिवशी लाइपझिगमध्ये ४-२ ने हरून शाल्के सतराव्या क्रमांकावर, पुन्हा खाली.

२०२३-२४ मध्ये तो पुन्हा आपल्या विभागात होता, पण आता ३५ वर्षांचा, आणि शाल्के आता दादा संघ राहिला नव्हता. काही काळ तर तिसऱ्या विभागात घसरण्याची भीती होती. शेवटी दहावा क्रमांक. टेरोडेचे ५ गोल. एकूण १७७ वर त्याने मे २०२४ मध्ये बूट उतरवले. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाकडून एकही सामना नाही.

क्लबांनी काय घेतलं

त्याच्यानंतर दुसऱ्या विभागातले मोठे क्लब स्ट्रायकरकडे जास्त कोरड्या नजरेने बघू लागले आहेत. बढती मिळवून देणारा आणि बढतीनंतर टिकवणारा ही दोन वेगळी पदं आहेत, आणि एकाच माणसाने दोन्ही भरावीत ही अपेक्षा महाग पडते. याचा एक दुष्परिणाम मला दिसतो: फ्युलक्रुगसारखा जो दोन्ही करू शकला असता, त्यालाही आता कदाचित संधी मिळायच्या आत निरोप मिळेल. टेरोडेच्या उदाहरणावरून सगळ्यांना एकाच मापाने मोजणं चुकीचं आहे. त्याच्यात काय नेता येण्यासारखं नव्हतं, ते बघून मोजायला हवं.

हांबुर्गचंच घ्या. टेरोडेला सोडल्यानंतर त्यांना वर जायला आणखी चार वर्षं लागली. मे २०२५ मध्ये उल्मला ६-१ हरवून अखेर बढती मिळाली. त्या हंगामात विभागात सर्वाधिक गोल, २२, हांबुर्गच्याच डावी झेल्केचे होते. झेल्केही उंच, बॉक्समध्ये खेळणारा, तिशीचा. काही आठवड्यांत त्याचा करार संपला, क्लबशी नवा जमला नाही आणि तो इस्तंबूलला बाशाकशेहिर क्लबात निघून गेला. हांबुर्ग त्याच्याशिवाय पहिल्या बुंडेसलिगात उतरलं.